काय बघू द्यायचं? शाळकरी मुलांसाठी स्क्रीन निवडण्याची पद्धत, पायरीपायरीने

पालकसभेत मोबाईलचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो: किती वेळ द्यायचा? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी वेळ सांगितला आहे. दहा वर्षांपुढच्या मुलांच्या बाबतीत भर तोल सांभाळण्यावर आहे. झोप, मैदानी खेळ, अभ्यास, घरच्यांबरोबरचा वेळ आणि छंद यांपैकी कशाचाही बळी न जाता स्क्रीन बसली पाहिजे.

हे आकडे जवळ असावेत, पण तेवढ्यावर भागत नाही. एक तास कागदाची खेळणी शिकण्यात गेला आणि एक तास शॉर्ट्स सरकवण्यात गेला, तर घड्याळाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मुलाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं ठाम मत असं की पहिली ते आठवीच्या मुलांच्या घरी आधी 'काय' ठरलं पाहिजे, मग 'किती'. आणि हे 'काय' घरातल्या माणसांनी बसून ठरवलेलं असावं. पुढचा व्हिडिओ कोणता हे ॲपने ठरवायचं आणि आपण नंतर तक्रार करायची, हा क्रम उलटा करता येतो. त्यासाठी फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. लागतात एक-दोन रविवार आणि थोडा चिवटपणा.

पायरी १: आठवडाभर काहीही न बदलता नुसतं बघा

लगेच बंदी घालू नका. आधी सध्या काय चाललंय ते कागदावर येऊ द्या. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. कोणत्या ॲपवर किती मिनिटं गेली ते तिथे दिसतं. यूट्यूबची 'हिस्टरी' उघडली की काय काय पाहिलं याची यादीच मिळते.

वहीत चार रकाने करा: शाळेचं काम, माणसांशी बोलणं, काहीतरी बनवणं, नुसतं बघणं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला गृहपाठ उतरवून घेणं पहिल्या रकान्यात जाईल. नागपूरच्या आजीशी किंवा न्यू जर्सीच्या मावशीशी व्हिडिओ कॉल दुसऱ्यात. त्यावर मर्यादा घालायचं काही कारण नाही, मूल माणसाशी बोलतंय. बहुतेक घरांत चौथा रकाना भरभरून वाहतो आणि तिसरा रिकामा राहतो. तसं असेल तर पुढचं सगळं काम चौथ्यातलं थोडं तिसऱ्याकडे वळवण्याचं आहे.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा, ती पालकांना थोडी बोचेल: मोबाईल मुलाच्या हातात नेमका कधी जातो? संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना, जेवताना घास जावा म्हणून, एसटीत, लग्नात, आपल्याला फोनवर महत्त्वाचं बोलायचं असताना. म्हणजे बऱ्याचदा गरज मोठ्यांची असते. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. दोघं नोकरी करणाऱ्या घरात संध्याकाळचा तो पाऊण तास कसा जातो हे ज्याचं त्याला माहीत. पण ती वेळ आधीच ओळखीची असेल, तर त्या वेळेसाठी चांगलं काहीतरी तयार ठेवता येतं. ऐन फोडणीच्या वेळी निवड करायला गेलो की हाताला लागेल तेच दिलं जातं.

पायरी २: लहान स्क्रीनवरून मोठ्या स्क्रीनवर या

जे जे शक्य असेल ते टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, बसायच्या खोलीत. दोन कारणं आहेत. एक म्हणजे डोळे: फोन मुलं वीतभर अंतरावर धरतात, टीव्ही पाच-सहा फुटांवर असतो. दुसरं त्याहून मोठं: टीव्हीवर काय चाललंय ते घरात सगळ्यांना दिसतं आणि ऐकू येतं. भाजी चिरता चिरता तुम्ही 'हे काय म्हणाला तो?' असं विचारू शकता. फोनवर कान झाकून बसलेल्या मुलाला ते विचारता येत नाही. या वयात इअरफोनची गरज मुळात फार कमी वेळा पडते.

घरात एकच फोन असेल आणि टीव्ही साधा असेल, तर फोन टेबलावर उभा करून ठेवा. हातात द्यायचा नाही, एवढा नियम पुरेसा आहे. हातात नसला की अंगठ्याने सरकवणं बंद होतं.

पायरी ३: निवडण्याच्या कसोट्या

'शैक्षणिक' असं लिहिलेलं सगळं शैक्षणिक नसतं. भडक रंग, दर दोन सेकंदांनी बदलणारं दृश्य आणि मधेच 'ए फॉर ॲपल' एवढ्या भांडवलावर कित्येक चॅनेल चालतात. म्हणून कोणताही व्हिडिओ, ॲप किंवा मालिका यादीत घेण्याआधी वीस मिनिटं मुलाच्या शेजारी बसून स्वतः बघा. तेव्हा पुढच्या गोष्टी तपासा.

ते संपतं का? गोष्टीला शेवट असतो, भाग संपतो, बुद्धिबळाचा डाव संपतो. रील्स आणि शॉर्ट्स संपत नाहीत, त्यांची रचनाच तशी आहे. ज्याला शेवट नाही, ते थांबवण्याची जबाबदारी आठ वर्षांच्या मुलावर टाकणं अन्यायाचं आहे. मोठ्यांनाही ते जमत नाही. म्हणून शॉर्ट्स आणि रील्स या वयात यादीतच नकोत, त्यातला मजकूर कितीही चांगला असला तरी. या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

त्यात मुलाला काय करावं लागतं? ओळखायचं, मोजायचं, अंदाज बांधायचा, थांबवून करून बघायचं, की नुसतं बसायचं?

भाषा कोणती? इंग्रजी सुधारेल म्हणून सगळं इंग्रजीतच दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. पण जिथे विषय अवघड आहे, अपूर्णांक, वीज, पचनसंस्था, तिथे मुलाच्या घरच्या भाषेत समजावलेलं पक्कं बसतं. इंग्रजीसाठी सोप्या गोष्टी वेगळ्या निवडा. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत हे बरोबर उलटं चालेल: विषय त्यांना शाळेत कळलेलाच असतो, मराठीसाठी गोष्टी हव्यात.

पैसे कुठून येतात? जाहिरातींतून, वर्गणीतून, ॲपमधल्या खरेदीतून, की सरकारी किंवा धर्मादाय निधीतून? जाहिरातींवर चालणाऱ्या ॲपचा फायदा मूल जास्त वेळ अडकण्यात असतो. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला तशी घाई नसते. खाली दिलेली यादी पाहिलीत तर त्यात ना-नफा संस्था आणि विद्यापीठं जास्त आढळतील, ते याच कारणाने.

आणि सगळ्यांत उपयोगी कसोटी: बंद केल्यानंतरची दहा मिनिटं. स्क्रीन बंद झाल्यावर मूल काय करतं ते बघा. पाहिलेलं सांगायला येतं? चित्र काढतं? प्रश्न विचारतं? खेळात ते पात्र आणतं? की चिडतं, लोळतं, 'आता काय करू' म्हणतं? एखाद्या दिवशी चिडचीड भुकेची किंवा झोपेची असू शकते, म्हणून निर्णय एका दिवसावर घेऊ नका. पण आठवडाभर एकाच कार्यक्रमानंतर रोज रडारड होत असेल, तर तो यादीतून काढा. तो कितीही नावाजलेला असला तरी.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगते. स्ट्रॉची पिपाणी करायचा छोटासा व्हिडिओ आहे. प्लास्टिकच्या स्ट्रॉचं एक टोक दाताने चावून चपटं करायचं, कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करायचं आणि ते टोक ओठांत धरून फुंकायचं. पहिल्या दोन-तीन वेळा नुसती हवा जाते. मग एकदम 'पीं' असा आवाज निघतो आणि मूल दचकून हसतं. खरी गंमत पुढे आहे. फुंकत असतानाच दुसऱ्या टोकाने स्ट्रॉ थोडी थोडी कापत जायची. प्रत्येक कापासरशी आवाज चढत जातो. नळी आखूड, आवाज उंच. व्हिडिओ केव्हाच संपलेला असतो आणि घरातल्या सगळ्या स्ट्रॉ संपेपर्यंत प्रयोग चालू राहतो. बासरीला भोकं का असतात, हा प्रश्न मग मूलच विचारतं. स्क्रीनने दोन मिनिटं घेतली आणि मुलाला दुपारभराचं काम दिलं. मला यादीत असंच साहित्य हवं असतं.

पायरी ४: घरची यादी करा

घरातल्या पुस्तकांच्या फळीवर असावं तसं हे मोजकं आणि ओळखीचं असू द्या. दहा-बारा नावं खूप झाली. कागदावर लिहून टीव्हीजवळ चिकटवा. मूल त्यातलं काहीही निवडू शकतं, त्यासाठी रोज परवानगी मागायची नाही. मर्यादा तुमची, आतली निवड त्याची. मी ज्यांच्यापासून सुरुवात करायला सांगेन ती नावं अशी.

शाळेच्या अभ्यासासाठी घरात आधीच असलेली गोष्ट म्हणजे बालभारतीचं पाठ्यपुस्तक. त्यातले क्यूआर कोड बहुतेक घरांत कधी स्कॅनच होत नाहीत. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी ॲपने ते स्कॅन केले की त्या धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि बरंचसं साहित्य डाउनलोड करून नेट नसताना वापरता येतं. दर्जा सगळीकडे सारखा नाही, काही व्हिडिओ कंटाळवाणे आहेत. म्हणून धडा शिकवून झाल्यावर, अडलेल्या जागेपुरतं वापरा. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तिथलं मराठी विज्ञानाचं पुस्तक वाचायला देऊन बघा.

वाचनासाठी दोन ठिकाणं. 'किशोर' हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. ज्या आजी-आजोबांनी किंवा आई-बाबांनी लहानपणी ते वाचलंय, त्यांनी नातवंडांना शेजारी घेऊन एखादा जुना अंक उघडावा. चित्रांवरून, कोड्यांवरून, त्या काळच्या जाहिरातींवरूनसुद्धा गप्पा निघतात. दुसरं ठिकाण प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर', २०१५ पासूनचं. मराठीसह कितीतरी भाषांतल्या सचित्र गोष्टी तिथे आहेत, त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि खुल्या परवान्याखाली असल्यामुळे डाउनलोड करून छापताही येतात. एकच गोष्ट आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचणं हा तिसरी-चौथीच्या मुलांसाठी फार चांगला सराव आहे. भाषेची भीती जाते.

हाताने करण्यासाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली, शिकवली आणि सगळं लोकांसाठी मोफत खुलं केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर सांगितलेल्या पिपाणीसारखी शेकडो खेळणी तिथे आहेत, छायाचित्रं आणि छोट्या व्हिडिओंसह. मराठी पुस्तकंही आहेत. एक सूचना: व्हिडिओ लावण्याआधी सामान जमवा. आगपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुनी सीडी, रबरबँड. सामान हाताशी नसेल तर मूल नुसतंच बघत राहतं आणि चांगला व्हिडिओही चौथ्या रकान्यात जाऊन पडतो.

विज्ञान आणि गणितात पाचवीनंतरच्या मुलांसाठी 'फेट' हा मला सगळ्यांत जास्त आवडणारा प्रकल्प. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात तो २००२ मध्ये सुरू केला. ही सिम्युलेशन्स असतात, म्हणजे स्क्रीनवरची प्रयोगशाळा: सेल, तारा, बल्ब जोडून बघायचे, लंबकाची दोरी लांब-आखूड करायची, अपूर्णांकांचे तुकडे जुळवायचे. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. मुलाला 'हे शीक' असं सांगू नका. एकच प्रश्न द्या: दोन बल्ब एकाच रांगेत जोडले तर प्रकाश वाढेल की कमी होईल? आधी अंदाज वहीत लिहायचा, मग जोडून बघायचं. अंदाज चुकला की खरं शिकणं सुरू होतं.

घराबाहेर नेणारी ॲप्स मी मुद्दाम वेगळी काढते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं 'मर्लिन' हे ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. आपल्या भागाचा संच एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतं. सकाळी साडेसहाला गच्चीवर किंवा अंगणात उभं राहिलं की दयाळ, बुलबुल, साळुंकी, तांबट एकेक करून स्क्रीनवर येतात. नावं इंग्रजीत दिसली तर मराठी नावं आजोबांना विचारायची किंवा विश्वकोशात शोधायची. ॲप कधी कधी चुकतं, म्हणून 'दिसला का?' हे विचारायचंच. 'सीक' हे ॲप झाडं आणि किडे ओळखतं, त्यात मुलाचं खातं काढावं लागत नाही. संगणक असेल तर 'स्टेलारियम' हे आकाशदर्शनाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. आज रात्री गुरू किंवा शनी कुठे दिसेल ते संध्याकाळी पाहून ठेवायचं, स्क्रीन बंद करायची आणि बाहेर पडायचं.

बनवण्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये आणलेलं 'स्क्रॅच'. ते आठ ते सोळा वयासाठी आहे, त्याहून लहानांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर'. स्क्रीनवर कोडिंगचे ठोकळे जोडून मूल स्वतःची गोष्ट किंवा खेळ तयार करतं. महागड्या कोडिंग क्लासची जाहिरात बघून पैसे भरण्याआधी हे मोफत साधन महिनाभर घरी वापरून बघा. मुलाला खरंच रस आहे का, ते तेवढ्यात कळतं.

बुद्धिबळासाठी 'लीचेस': मोफत, जाहिरातीविना. त्यात 'किड मोड' चालू केला की अनोळखी लोकांशी गप्पांची सोय बंद होते, तो चालू करायला विसरू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून कितीतरी मुलींना पट मांडावासा वाटतोय. त्या उत्साहाला ही चांगली वाट आहे, अर्थात घरात लाकडी पट असेल तर तो आधी.

आणि अधूनमधून सगळ्यांनी मिळून बघण्याचे प्रसंग. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान ३ उतरलं, तेव्हा शाळाशाळांतून मुलं स्क्रीनसमोर होती. इस्रोची उड्डाणं थेट दाखवली जातात. आधी दहा मिनिटं यान कुठे चाललंय ते पृथ्वीगोलावर किंवा चेंडूंवर समजावून सांगा, मग एकत्र बघा.

पायरी ५: यूट्यूब आवरा

चांगलं आणि वाईट एकाच ठिकाणी सगळ्यांत जास्त भरलेलं असेल तर ते यूट्यूबवर. मुलांच्या ओळखीच्या कार्टून पात्रांच्या आडून हिंसक आणि विकृत व्हिडिओ पसरल्याचं प्रकरण २०१७ मध्ये जगभर गाजलं होतं. म्हणजे चित्रावरून भरवसा ठेवू नये. यूट्यूबवर स्वतःचं खातं तेरा वर्षांपुढे. त्याआधी दोन मार्ग आहेत.

नऊपर्यंतच्या मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप. त्याच्या आपोआप निवडीवर मात्र विसंबू नका. ॲपमध्ये खाली कुलपाचं चिन्ह आहे, ते दाबलं की ॲप गुणाकाराचं उत्तर किंवा पासवर्ड विचारतं. सेटिंग्जमध्ये मुलाच्या नावावर जा आणि 'अप्रूव्हड कंटेंट ओन्ली' निवडा. यानंतर तुम्ही हाताने निवडलेले चॅनेल आणि व्हिडिओ एवढेच दिसतात, शोधण्याची सोयही बंद होते. पहिल्यांदा अर्धा तास लागतो. तो अर्धा तास या सगळ्या पायऱ्यांमधला सर्वांत सार्थकी लागणारा आहे, असं मला वाटतं. पासवर्ड स्वतःचा घाला, कारण तिसरीतल्या मुलाला गुणाकार येतो.

नऊ ते बारा वयात 'सुपरवाइज्ड', म्हणजे पालकांच्या देखरेखीखालचं, खातं काढता येतं. त्यात 'एक्सप्लोर' ही सर्वांत सौम्य पातळी ठेवा. दोन्हीकडे 'ऑटोप्ले', म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद करा. एक व्हिडिओ संपल्यावर स्क्रीन शांत झाली की मुलाला निर्णय घ्यायची जागा मिळते. टीव्हीवरचं यूट्यूब बाबांच्या किंवा काकांच्या खात्याने चालत असेल, तर समोर येणाऱ्या शिफारशी त्यांच्या पाहण्यावरून येतात. मुलाचं प्रोफाइल वेगळं करा.

अँड्रॉइड फोन मुलाच्याच वापरात असेल तर गूगलचं 'फॅमिली लिंक' हे ॲप लावा. नवीन ॲपला तुमची मंजुरी, रोजची मर्यादा, रात्री बंद होण्याची वेळ, सगळं तुमच्या फोनवरून करता येतं. फोन तुमचा असेल आणि थोडा वेळ द्यायचा असेल, तर अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग' आणि आयफोनमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' वापरून एकाच ॲपमध्ये अडकवून द्या. बाहेर पडताना पिन विचारण्याची सोय चालू ठेवली की मूल त्यातून बाहेर पडू शकत नाही आणि तुमचे बँकेचे मेसेजही सुरक्षित राहतात.

पायरी ६: ॲप, गेम आणि मालिका घेण्याआधी

प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाजवळ ३+, ७+, १२+ असे वयोगट असतात. ते हिंसा, भाषा, जुगार अशा मजकुराबद्दल आहेत, शिकण्याच्या दर्जाबद्दल नाहीत. ३+ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला उपयोगी, असा अर्थ घेऊ नका. त्याच पानावर 'जाहिराती आहेत' आणि 'ॲपमधील खरेदी' हे शेरे असतात, ते वाचा. खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा आणि यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकू नका.

गेममध्ये अनोळखी माणसांशी बोलता येतं का, हे सगळ्यांत आधी बघा. येत असेल तर ते बंद करता येतं का ते बघा. बंद करता येत नसेल, तर तो गेम नको.

ओटीटीवर २०२१ च्या नियमांप्रमाणे यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलूप द्यावं लागतं. ते कुलूप आपोआप लागलेलं नसतं, पिन तुम्ही टाकायचा असतो. मुलांची माहिती गोळा करण्यावर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बंधनांची तरतूद आहे: अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायच्या नाहीत. तरीही फॉर्ममध्ये मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोटो टाकायची गरज जवळपास कुठेच नसते.

पायरी ७: आता वेळ

यादी तयार झाली की वेळ ठरवणं सोपं होतं. उलट्या बाजूने मोजा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर साडेनऊच्या आत झोप, म्हणजे साडेआठनंतर स्क्रीन नाही. त्यात शाळा, मैदान, अभ्यास, जेवण बसवा. उरलेल्यात स्क्रीन. मैदानाचा वेळ कापून स्क्रीन द्यायची नाही. दिवसाउजेडी घराबाहेर खेळणाऱ्या मुलांत चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे आता चांगलं सिद्ध झालंय.

वेळ मिनिटांत सांगण्यापेक्षा भागांत सांगा: 'दोन गोष्टी', 'एक डाव', 'एक भाग'. लहान मुलांना वीस मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही, भाग संपला हे कळतं. मधेच फोन हिसकावून घेतला की भांडण होणारच, कारण गोष्ट अर्धवट राहिलेली असते. संपायच्या थोडं आधी शेजारी जाऊन बसा, आता काय चाललंय ते विचारा, संपल्यावर बंद करण्याचं बटण मुलालाच दाबू द्या. आणि लगेच पुढचं काहीतरी तयार असू द्या. खाऊ, खाली खेळायला जाणं, कणकेचा गोळा, काहीही.

जेवताना स्क्रीन नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू. मुलांचा फोन काढून घेऊन बाबांनी ताटाशेजारी क्रिकेटचा स्कोअर बघत बसायचं, याने काहीच साधत नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवले जातात. मुलं त्या वेळात वाचतात, अभ्यास करतात, गप्पा मारतात. तो उपक्रम चालला याचं कारण माझ्या मते असं की तो मुलांपुरता नव्हता, सगळ्या गावाचा होता. एका इमारतीतल्या चार घरांनी मिळून असा दीड तास ठरवला तरी 'त्यांच्याकडे चालतं, आपल्याकडेच का नाही' हा वाद बराचसा मिटतो.

दिवसभर मूल आजी-आजोबांकडे असेल तर नियम त्यांच्याशी बसून ठरवा, त्यांना हुकूम सोडू नका. टीव्हीजवळची यादी मोठ्या अक्षरांत लिहा. आजीला फोनमध्ये शोधायला लागू नये म्हणून ठरलेल्या चार ॲपची चिन्हं पहिल्याच पानावर ठेवा.

पायरी ८: बारा-तेराच्या पुढे

सातवी-आठवीत कुलपं पुरत नाहीत, कारण मित्राच्या फोनवर सगळं असतं. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींची किमान वयोमर्यादा तेरा आहे, ती मुलांना स्पष्ट सांगा. त्याआधी वर्गाच्या ग्रुपसाठी आईचा किंवा बाबांचा नंबर वापरा. एआय चॅटबॉट वापरायचा असेल तर तुमच्या शेजारी, आणि आधी स्वतःचं उत्तर वहीत लिहून. मग 'माझ्या उत्तरात काय राहिलं' असं विचारायचं. त्याने दिलेली एखादी माहिती पाठ्यपुस्तकात किंवा मराठी विश्वकोशात तपासायला लावा. चूक सापडली की मुलांना जो आनंद होतो, त्यातून त्यांची पारख तयार होते.

कधी ना कधी नको ते समोर येईलच. त्या वेळी मूल तुमच्याकडे धावत येईल की लपवेल, हे तुम्ही आधी काय सांगून ठेवलंय त्यावर ठरतं. म्हणून आजच सांगा: 'घाण किंवा भीतीदायक काही दिसलं, कुणी फोटो मागितला, धमकी दिली, तर मला सांग. तुझा फोन मी काढून घेणार नाही.' आणि तो शब्द पाळा. प्रकरण गंभीर असेल तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा, इतर सायबर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येतात. मुलांच्या मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. हे दोन्ही नंबर यादीच्या कागदावरच खाली लिहून ठेवा.

पायरी ९: महिन्याला एकदा यादी बदला

महिन्याचा पहिला रविवार ठरवा. मुलाने एक नवीन गोष्ट सुचवायची, तुम्ही एक. दोन्ही एकत्र बसून वीस मिनिटं बघायच्या आणि तिसऱ्या पायरीतल्या कसोट्या लावायच्या. मुलाची सूचना नाकारली तर कारण सांगा, आणि ते कारण कसोटीतलंच असावं. 'मला आवडत नाही' हे कारण चालणार नाही. तुमची सूचना त्याला कंटाळवाणी वाटली तर तीही मुकाट्याने काढा. वापरात नसलेली ॲप्स काढून टाका, दीक्षा आणि स्टोरीवीव्हरवरून पुढच्या महिन्याचं साहित्य वाय-फायवर उतरवून ठेवा, यूट्यूब किड्समध्ये नवे मंजूर व्हिडिओ टाका. कागद जुना झाला असेल तर मुलाच्या हातून नवा लिहून घ्या.